बदकांच्या घराचे पैसे दिलेच नव्हते

ब्रिटनमधलं २००९ चं खासदारांच्या खर्चाचं प्रकरण म्हटलं की ज्याला थोडंफार माहीत आहे तो हमखास बदकांचं घर काढतो. सर पीटर व्हिगर्स, हुजूर (काँझर्व्हेटिव्ह) पक्षाचे गॉसपोर्टचे खासदार, यांनी घरच्या तळ्यात बदकांसाठी तरंगतं घर बसवलं आणि त्याचं १,६४५ पौंडांचं बिल संसदेच्या खर्चाच्या कागदांना जोडून दिलं. पेपरात आल्यावर जगभर हसं झालं, पक्षाने हात झटकले आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहणार नाही असं म्हातारबुवांना जाहीर करावं लागलं. आता गंमत बघा, त्या बिलाचे पैसे त्यांना मिळालेच नव्हते. खासदारांची बिलं मंजूर करणाऱ्या संसदेच्या फीज ऑफिसमधल्या कारकुनाने ते नामंजूर केलं होतं. पण याच गृहस्थांनी तीन वर्षांत बागकामापोटी ३० हजार पौंडांच्या वर क्लेम लावले होते, ते कुणाला आठवत नाही. आठवतात फक्त बदकं.

मला हे प्रकरण इथूनच धरायचंय, कारण लोक चिडले कशावर, पेपरने दाखवलं काय आणि खरा घोळ कुठे होता, या तीन गोष्टी एकमेकींना नीट जुळतच नाहीत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. लंडनबाहेरच्या खासदाराला दोन घरं लागतात, एक मतदारसंघात आणि एक लंडनला, यात काही खोटं नाही. म्हणून १९७० च्या दशकापासून 'ॲडिशनल कॉस्ट्स अलाउन्स' नावाचा भत्ता होता आणि २००८-०९ पर्यंत तो वर्षाला साधारण २४ हजार पौंडांवर गेला होता. त्यातून दुसऱ्या घराच्या कर्जाचं व्याज किंवा भाडं, वीज, दुरुस्ती, फर्निचर, सगळं चालायचं. जेवणखाणापोटी महिन्याला ४०० पौंड विनापावती. बाकीच्या खर्चालाही कित्येक वर्षं २५० पौंडांच्या आत पावती लागत नव्हती. मी स्वतः ऑफिसात लोकांची प्रवासाची बिलं तपासायचं काम केलंय, आमच्याकडे दीडशे रुपयांच्या रिक्षाला पण 'पावती कुठंय' म्हणून विचारतात, त्यामुळे २५० पौंड विनापावती हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

हे असं का झालं त्यालाही कारण आहे. खासदारांचा पगार वाढवायचा म्हटलं की लोक बोंबलणार, पेपर झोडपणार, म्हणून सरकारं पगारवाढ टाळायची. १९८० च्या दशकात थॅचरबाईंच्या सरकारने शिफारस झालेली मोठी पगारवाढ नाकारली आणि त्याबदल्यात भत्ते सैल सोडले. म्हणजे पुढच्या दाराने देता येत नाही ते मागच्या दाराने. वीस-पंचवीस वर्षांत खासदारांच्या डोक्यात हे पक्कं बसलं की भत्ता म्हणजे पगाराचाच उरलेला तुकडा आहे, तो पूर्ण उचलायचा असतो. २००९ मध्ये पगार होता ६४,७६६ पौंड, त्यावर हे. फीज ऑफिसकडे एक यादीही होती, जॉन लुईस या मोठ्या दुकानातल्या किमतींवर बेतलेली, टीव्हीला ७५० पौंडांपर्यंत, नव्या किचनला १० हजार, बाथरूमला सहा हजारांच्या वर. ही यादी खासदारांना दाखवत नसत, का तर मग सगळे वरच्या आकड्याचीच बिलं लावतील!

आता हे सगळं बाहेर काढलं कुणी? लोक म्हणतात डेली टेलिग्राफने. अर्धं खरं आहे. हेदर ब्रूक नावाची पत्रकार २००४ पासून संसदेच्या मागे लागली होती की बिलं दाखवा. ब्रिटनचा माहिती अधिकाराचा कायदा २००० मध्ये पास झाला तरी लागू झाला जानेवारी २००५ ला (आपला देशाचा कायदाही २००५ चाच, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा तर त्याही आधी, २००२ चा). हिने अर्ज केला, नकार आला. सगळ्या खासदारांची माहिती मागितली तर म्हणे फार खर्च येईल. मग तिने यादी कमी करून दहा जणांवर आणली, तरी नाही. अजून दोन पत्रकारांचे असेच अर्ज होते, सगळी प्रकरणं एकत्र होऊन ट्रायब्यूनलपुढे गेली, फेब्रुवारी २००८ ला निकाल पत्रकारांच्या बाजूने लागला, संसद हायकोर्टात गेली आणि मे २००८ मध्ये तिथेही हरली. मधल्या काळात खासदारांनी काय काय करून पाहिलं म्हणाल तर २००७ ला संसदेलाच माहिती अधिकारातून वगळायचं एक खासगी विधेयक आणलं, ते कॉमन्समध्ये (खालच्या सभागृहात) पासही झालं आणि पुढे लॉर्ड्समध्ये (वरच्या सभागृहात) अडकलं, आणि कोर्टात हरल्यावरही जानेवारी २००९ ला सरकारने पुन्हा एकदा तसाच प्रयत्न केला आणि बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतला. स्पीकर मायकेल मार्टिन या सगळ्यात लपवणाऱ्यांच्या बाजूला ठामपणे उभे. हे लक्षात ठेवा, पुढे हिशोब होणार आहे. मध्येच डेरेक कॉनवे नावाच्या खासदाराचं प्रकरण आलं, पोरगा कॉलेजात पूर्णवेळ शिकतोय आणि बापाने त्याला संसदेच्या पैशातून रिसर्चचा पगार दिलाय, त्यामुळे लोकांचं लक्ष आधीच तिकडे होतं.

शेवटी संसदेने ठरवलं की जुलै २००९ ला बिलं प्रसिद्ध करू, पण आधी 'खासगी' मजकुरावर काळ्या पट्ट्या मारू. दहा लाखांहून जास्त कागद स्कॅन करून पट्ट्या मारायचं काम सुरू झालं. त्या खोलीच्या पहाऱ्यावर म्हणे सुट्टीवर आलेले सैनिक होते, इराक-अफगाणिस्तानसाठी नीट सामान मिळत नाही म्हणून वरकमाईला आलेले, आणि समोर खासदारांची बिलं बघून तिथे काम करणाऱ्यांचं डोकं फिरलं, ही हकीकत टेलिग्राफनेच नंतर सांगितली. काही का असेना, पट्ट्या न मारलेली अख्खी डिस्क बाहेर पडली. जॉन विक नावाचा एक माजी कमांडो मध्यस्थ होता. टाइम्स आणि सनलाही ऑफर गेली होती, त्यांनी घेतली नाही. टेलिग्राफने घेतली, साधारण १ लाख १० हजार पौंडांना. संपादक विल लुईस. पैसे देऊन फुटलेला डेटा घेणं बरोबर की चूक यावर थोडी चर्चा झाली, पोलिसांनीही बघितलं आणि १९ मे ला सांगून टाकलं की जनहित एवढं उघड आहे की केस टिकणार नाही.

८ मे २००९ ला पहिला अंक. पहिल्या दिवशी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन आणि त्यांचं मंत्रिमंडळ, ब्राउनसाहेबांनी घराच्या साफसफाईपोटी २६ महिन्यांत ६,५७७ पौंड सख्ख्या भावाला दिलेले (दोघांची सफाई करणारी बाई एकच, तिचा पगार भाऊ द्यायचा, हा त्यांचा खुलासा). मग दोन-तीन दिवसांनी हुजूर पक्षाचा नंबर. टेलिग्राफ हुजूर पक्षाचा घरचा पेपर समजला जातो, त्यामुळे आधी वाटलं मजूर पक्षालाच ठोकणार, पण नंतर जे आलं त्याने उलट हुजुरांचीच जास्त शोभा झाली. रोज दुपारी काही खासदारांना निरोप जायचा की तुमचं हे हे सापडलंय, संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. म्हणजे ६४६ खासदार रोज दुपारी फोनकडे बघत बसलेत की आज आपला नंबर लागतोय का. आणि हे एक दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. पेपर चालवण्याचं तंत्र म्हणून बघितलं तर कमाल आहे, सगळं एकदम ओतलं असतं तर चार दिवसांत लोक विसरले असते.

आणि काय काय निघालं! गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या कागदांत ८८ पेन्सचं टबाचं बूच, म्हणजे तेव्हाच्या भावाने साठ-पासष्ट रुपये (हे बूच आणि त्यांच्या नवऱ्याने बघितलेल्या दोन अश्लील पिक्चरचं बिल तर मार्चमध्येच गाजलं होतं). शेरिल गिलन यांचं कुत्र्याच्या खाण्याचं ४ पौंड ४७ पेन्स. जेराल्ड कॉफमन यांनी ८,८६५ पौंडांचा टीव्ही लावला, त्यातले ७५० मिळाले. डेव्हिड कॅमेरॉननी घरावरचा वेल काढायच्या कामासकट ६८० पौंडांचं बिल लावलेलं. डग्लस हॉग यांच्या लिंकनशरमधल्या वाड्याभोवती खंदक आहे, चक्क किल्ल्यासारखा, त्याच्या सफाईचे २,११५ पौंड यादीत होते. हॉगसाहेब म्हणत राहिले की मी खंदकाचा वेगळा क्लेम केलेला नाही, फक्त खर्चाच्या यादीत लिहिला होता, पण कोण ऐकतंय. तळं राखील तो पाणी चाखील हे आपण लहानपणापासून ऐकतो, इथे तळं साफ करायचं बिलही गावाने भरायचं होतं. अँथनी स्टीन यांनी चार वर्षांत घरावर ८७ हजार पौंड लावले आणि रेडिओवर म्हणाले की लोकांना माझ्या मोठ्या घराचा हेवा वाटतोय. असं बोलल्यावर पुढे काही बोलायला उरतच नाही.

लोकांचा संताप खरा होता. १४ मे ला ग्रिम्सबीहून बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम'मध्ये मार्गारेट बेकेट यांच्यासारख्या जुन्याजाणत्या मंत्रीबाईंची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण मागची परिस्थिती बघा ना. आदल्या वर्षी बँका बुडाल्या, सरकारने एकट्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये २० अब्ज पौंड ओतले, तिला बुडवणाऱ्या फ्रेड गुडविन यांना वर्षाला ७ लाख पौंडांची पेन्शन, आणि इकडे बेकारांची संख्या २० लाखांच्या पुढे. चीड आधीच साठली होती. पण बँकेचा घोटाळा सामान्य माणसाला कळत नाही, ते डेरिव्हेटिव्ह आणि काय ते, कुणाला शिव्या घालायच्या तेच समजत नाही. टबाचं बूच मात्र पोराटोराला कळतं. बूच सगळ्यांच्या घरी असतं आणि ते सगळे स्वतःच्या पैशाने आणतात. त्यामुळे वड्याचं तेल वांग्यावर निघालं असं म्हणायला जागा आहे. पण तेवढंच म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. ८८ पेन्स गेल्याचं दुःख कुणालाच नव्हतं. मंत्री झालेल्या माणसाच्या घरात बुचाचीही पावती जपून ठेवली जाते आणि ती सरकारला लावली जाते, ही जी सवय दिसली त्याने लोक भडकले.

आता खऱ्या घोळाकडे येतो, ज्याचे विनोद होऊ शकले नाहीत. त्याला तिथे नाव पडलं 'फ्लिपिंग'. नियमाप्रमाणे दुसरं घर कुठलं हे खासदारानेच कळवायचं आणि ते बदलताही यायचं. मग काही जणांनी काय केलं, की यावर्षी लंडनचा फ्लॅट 'दुसरं घर' म्हणून लावायचा, भत्त्यातून तो नवा करून घ्यायचा, की पुढच्या वर्षी मतदारसंघातलं घर दुसरं. आणि याच्यावर कडी म्हणजे फ्लॅट विकताना टॅक्सवाल्यांना सांगायचं की हेच माझं मुख्य घर, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर कर नाही. एकच घर एका ऑफिसात दुसरं आणि दुसऱ्या ऑफिसात पहिलं. मंत्री हेझल ब्लिअर्स यांच्यावर हाच आरोप आला, त्यांनी टीव्हीसमोर १३,३३२ पौंडांचा चेक फडकवला, म्हणाल्या नियम मोडला नाही पण भरते. चेक फडकवलेला बघून लोक अजूनच चिडले, कारण तेरा हजारांचा चेक असा उभ्या उभ्या लिहू शकणारी माणसं किती असतात?

गोव्याचं नातं असलेलं एक नावही यात होतं. कीथ वाझ, लेस्टर ईस्टचे तेव्हाचे खासदार, आईवडील गोव्याचे. यांचं कुटुंबाचं घर स्टॅनमोरला, संसदेपासून १२ मैल, आणि तरी वेस्टमिन्स्टरमधल्या फ्लॅटपोटी ७५,५०० पौंड घेतलेले. सगळं नियमात होतं असं त्यांचं म्हणणं. स्टॅनमोरहून ज्युबिली लाइनची मेट्रो थेट वेस्टमिन्स्टरला येते, मध्ये बदलावीही लागत नाही. अंधेरीहून चर्चगेटला रोज लोंबकळत येणाऱ्याला हे समजावून सांगायची माझ्यात तरी हिंमत नाही.

आणि इथेच काळ्या पट्ट्यांचा मुद्दा येतो. १८ जूनला संसदेने आपली अधिकृत बिलं टाकली तेव्हा पानंच्या पानं काळी, आणि सगळ्यात आधी काय झाकलं होतं तर पत्ते. सुरक्षेचं कारण, वरवर पटण्यासारखं. पण पत्ताच नसेल तर कुठलं घर कधी 'दुसरं' होतं हे कळणार कसं? फ्लिपिंग बाहेर येणं शक्यच नव्हतं. टेलिग्राफने डिस्क घेतली नसती तर लोकांना फक्त बुचं आणि कुत्र्याचं खाणं दिसलं असतं. म्हणजे पेपरवर कितीही टीका केली, आणि मी पुढे करणार आहे, तरी हे श्रेय त्यांचंच. गार्डियननेही त्या वेळी वेगळाच प्रयोग केला, संसदेची चारेक लाख पानं वेबसाइटवर टाकली आणि वाचकांना म्हणाले तुम्हीच तपासा, २० हजारांवर लोक कामाला लागले. संतापाचा एवढा सरळ उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

परिणाम भराभर झाले. १९ मे ला स्पीकर मार्टिन यांनी राजीनामा जाहीर केला, अर्ध्या मिनिटाचं निवेदन. स्पीकरला असं घालवायची वेळ १६९५ नंतर पहिल्यांदाच आली. ४ जूनच्या युरोपीय निवडणुकीत सत्ताधारी मजूर पक्ष १५.७ टक्के मतांसह तिसरा, युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारी युकिप दुसरी, आणि उघड वंशवादी बीएनपीला दोन जागा. २०१० ला १४९ खासदार पुन्हा उभेच राहिले नाहीत. पण जे उभे राहिले त्यांना लोकांनी धडा शिकवला असं काही सरसकट दिसलं नाही, ब्लिअर्सबाई परत निवडून आल्या, वाझही आले, आणि टीव्हीवरच्या लाडक्या एस्थर रँट्झन खर्च प्रकरणावरच लूटन साउथमधून अपक्ष लढल्या त्यांचं डिपॉझिट गेलं.

हिशोबही बघण्यासारखा आहे. सर थॉमस लेग या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने जुनी बिलं तपासली, ३९० च्या आसपास आजी-माजी खासदारांना पैसे परत करायला सांगितलं. साफसफाईला वर्षाला २ हजार आणि बागेला १ हजार अशी मर्यादा त्यांनी मागच्या तारखेने लावली, यावर खासदार ओरडले आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं, तेव्हा नसलेला नियम आता लावायचा म्हणजे काय. ब्राउन यांनी १२,४१५ पौंड भरले. अपिलांनंतर एकूण आकडा आला ११ लाख २० हजार पौंड. तपासणीचा खर्च ११ लाख ६० हजार. रडावं की हसावं.

तुरुंगात कोण गेलं? डेव्हिड चेटर १८ महिने, एरिक इल्सली १२, जिम डिव्हाइन १६, एलियट मॉर्ली १६, लॉर्ड्सच्या सभागृहातले टेलर आणि हॅनिंगफिल्ड, आणि २०१३ ला डेनिस मॅकशेन. आधी त्यातल्या काहींनी १६८९ च्या बिल ऑफ राइट्सचा आधार घेऊन सांगितलं की हा संसदेचा विशेषाधिकार, कोर्टाला अधिकारच नाही. २०१० च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. मॉर्ली यांनी फेडून संपलेल्या कर्जाचे हप्ते लावले होते, रक्कम ३० हजारांच्या वर. डिव्हाइन यांनी खोटी बिलं लावली ८,३८५ पौंडांची. शिक्षा योग्यच, खोटा कागद तो खोटा कागद. पण फ्लिपिंग करून त्याच्या कितीतरी पट कमावलेले लोक घरी बसले कारण त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, नियमच तसा होता आणि नियम करणारे तेच. कुंपणानेच शेत खाल्लं, फक्त नियमात बसवून खाल्लं.

आता टेलिग्राफवर माझा राग आहे तो डेव्हिड लॉज प्रकरणावरून. डिस्क त्यांच्याकडे मे २००९ पासून. लॉज मे २०१० ला नव्या सरकारमध्ये अर्थखात्यातले एक मंत्री झाले आणि १७ दिवसांत गेले, कारण पेपरने तेव्हा छापलं की त्यांनी आपल्या जोडीदाराला भाड्यापोटी ४० हजारांवर पौंड दिलेत, जे नियमात बसत नव्हतं. त्यांचं म्हणणं, मी समलिंगी आहे हे घरच्यांनाही सांगितलं नव्हतं, नातं लपवायला तसं केलं. चौकशीत चूक धरली, सात दिवसांचं निलंबन झालं, पण हेही नोंदवलं की नातं उघड करून वेगळ्या रीतीने क्लेम केला असता तर त्यांना जास्त पैसे मिळाले असते. त्या माणसाचं सगळ्यात खासगी गुपित पहिल्या पानावर आलं, सरकारचे पैसे वाचले किती? उलट सरकारचाच फायदा झाला होता. बदकांचा विनोद आणि हे, दोन्ही एकाच डिस्कमधून निघालं हे विसरून चालत नाही.

मध्येच आपल्याकडचं सांगायचं तर आपल्या खासदारांना मतदारसंघ भत्ता म्हणून दरमहा ठरीव रक्कम मिळते, वस्तुवार बिलं लावायची नसतात. त्यामुळे आपल्याकडे बदकांचं घर सापडणार नाही, कागदच नाही तर सापडणार काय.

२०१० पासून ब्रिटनमध्ये इप्सा नावाची स्वतंत्र संस्था आली. कर्जाचं व्याज बंद, भाडंच मिळणार, प्रत्येक गोष्टीची पावती, सगळं ऑनलाइन. खासदार पहिल्या वर्षी नुसते कुरकुरत होते की फॉर्म भरण्यात दिवस जातो (आम्हाला विचारा!). मग लोकांनी शोधलं की काही खासदार स्वतःचा लंडनचा फ्लॅट भाड्याने देत होते आणि दुसऱ्याच्या फ्लॅटचं भाडं संसदेकडून घेत होते, तेव्हाच्या नियमात बसत होतं. आणि २०१५ ला इप्साने पगार ६७,०६० वरून ७४,००० केला, म्हणजे थॅचरबाईंच्या काळात जी वाढ उघडपणे द्यायची टाळली त्यातलीच काही आता राजरोस दिली, वाढीव खर्च भत्त्यांमधल्या कपातीतून भागवून. पंतप्रधान कॅमेरॉननी विरोध केला होता. काही खासदारांनी जाहीर केलं की आम्ही वाढीचे पैसे दान करू, आणि त्यांनी ते खरंच केले की नाही हे शोधायला पत्रकार लगेच त्यांच्या मागे लागले.